थकलेले भाडे आणि परदेशस्थ मालक

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डापासून गंगाधाम चौक आणि बिबवेवाडीपर्यंत गेल्या काही दशकांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील अनेक सदनिकांचे मालक तेथे राहत नाहीत. कोणी अमेरिकेत असतो, कोणी इंग्लंडात, कोणी आखातात. घर येथे, भाडेकरू येथे आणि मालक समुद्रापार, अशी ही मालमत्तेची नवी रचना आहे. या मालकवर्गाची एक तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. भाडेकरूने चार-सहा महिने भाडे दिले, नंतर देणे थांबवले, आता तो घरही सोडत नाही आणि दूरध्वनीही उचलत नाही. कायदा मात्र त्याच्याच बाजूने उभा आहे. समाजवादी कार्यकर्त्याची या तक्रारीवरची सहजप्रतिक्रिया ठरलेली असते. परदेशात डॉलर मिळवणाऱ्याचे भाडे बुडाले तर त्याचे दुःख इतरांनी का करावे? ही प्रतिक्रिया समजण्याजोगी आहे, परंतु ती विचाराची जागा घेऊ शकत नाही. कारण या तक्रारीच्या आधाराने उद्या जो कायदा मागितला जाईल, त्याचा फटका डॉलरवाल्याला बसणार नाही. तो मार्केट यार्डातील हमालाला, तोलणाराला आणि आडत्याच्या पेढीवरील दिवाणजीला बसणार आहे.

प्रथम या मालकाची अडचण खरी किती, हे नीट पाहावे. त्याला स्वतः येणे शक्य नसते, म्हणून तो पुण्यातील एखाद्या चुलतभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करतो. ते परदेशात नोटरीपुढे करून भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करावे लागते किंवा त्यावर ॲपोस्टिल घ्यावे लागते. महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक लागतो. तोवर सोसायटीच्या देखभालखर्चाची बिले सभासद म्हणून त्याच्याच नावे निघत राहतात आणि बँकेचे हप्ते थांबत नाहीत. पाणी वा वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणावे, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ त्यास मनाई करते. ही मनाई सर्वथा योग्य आहे; तिच्याविरुद्ध ओरड करणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घरात राहून पाहावे.

करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल आणि त्याची मुदत संपली असेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. कलम २४ अन्वये मुदतीनंतर राहणाऱ्याकडून परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, आणि लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने बचाव करण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य झाल्यासारखेच असते. कागदावर यापेक्षा जलद मार्ग क्वचितच सापडेल. मात्र कलमाचे शब्द मुदत संपल्यानंतरच्या ताब्याविषयी आहेत. तेवीस किंवा तेहेतीस महिन्यांचा करार आणि पाचव्या महिन्यात भाडे बंद, या प्रसंगाचा विचार त्या शब्दांत नाही. शिवाय हा मार्ग केवळ निवासी जागेपुरता आहे. यार्डाच्या आसपासचे दुकान किंवा गोदाम परवान्याने दिले असेल, तर लघुवाद न्यायालयाचा उंबरठा झिजवण्यावाचून गत्यंतर नसते. आणि जुन्या अर्थाने भाडेकरू असलेल्याच्या बाबतीत कलम १५ असे सांगते की, नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबावे. त्यानंतर दावा केला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी द.सा.द.शे. १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली आणि पुढे भरत राहिला, तर त्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही.

ही शेवटची तरतूद मालकांना जाचक वाटते. वस्तुतः ती कायद्यातील सर्वांत शहाणी तरतूद आहे. मालकाला हवे असते ते भाडे. ते व्याजासह मिळाले, तर एका कुटुंबाचे बिऱ्हाड रस्त्यावर फेकण्याचे कारण उरत नाही. दोष तरतुदीत नाही. दोष असा आहे की, या दोन नव्वद-नव्वद दिवसांच्या पुढे-मागे जी वर्षे जातात त्यांचा हिशेब कोणत्याच कलमात लिहिलेला नाही. समन्स बजावले जात नाही, सुनावणी लांबणीवर पडते, निकालानंतर अपील होते, अपिलावर स्थगिती येते. बुडवणाऱ्या भाडेकरूला कायद्याचे संरक्षण फारसे नसते. त्याला संरक्षण असते ते विलंबाचे. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे मालकांच्या संघटना ‘कायदा बदला’ म्हणतात आणि डावे कार्यकर्ते ‘कायदा वाचवा’ म्हणतात, आणि दोघेही कार्यालयातील रिकाम्या खुर्चीकडे पाहत नाहीत.

डाव्यांनी या बाबतीत स्वतःचाही हिशेब तपासायला हवा. मुंबई इलाख्यात भाडे नियंत्रण प्रथम आले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये. तत्पूर्वी १९१५ मध्ये ग्लासगोच्या कामगार स्त्रियांनी भाडेबंदीचा लढा पुकारून ब्रिटिश सरकारला असाच कायदा करण्यास भाग पाडले होते. युद्धकाळात शहरात माणसे लोटतात, घरे वाढत नाहीत आणि घरमालक त्या टंचाईचा खंड वसूल करतो. त्याला आळा घालणे हे कोणत्याही सुसंस्कृत राज्याचे कर्तव्य होते. १९४७ चा मुंबई भाडे कायदा हा याच परंपरेतला. त्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण मानले. चूक झाली ती पुढे. चलनाचे मोल दशकामागून दशक घसरत गेले तरी ते प्रमाण जवळजवळ तेथेच राहिले. ज्या चळवळीने कामगाराच्या महागाईभत्त्यासाठी निर्देशांकाचा आग्रह धरला, तिनेच भाड्याला निर्देशांक नाकारला. परिणामी पेठांतील वाड्याच्या मालकिणीला, जी अनेकदा एखादी विधवा असे, मिळणाऱ्या भाड्यात कौले परतवण्याचाही खर्च निघेना. आणि हमरस्त्यावरील सधन दुकानदार त्याच दराने तिच्या वाड्यात धंदा करीत राहिला. गरिबाचे रक्षण करण्यासाठी केलेला कायदा कित्येक ठिकाणी गरिबाकडून श्रीमंताकडे संपत्ती वळवीत होता. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या असल्याचे सांगितले. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने तो रद्द मात्र केला नाही. जे समाजवाद्यांनी तीस वर्षे आधी स्वतः म्हणायला हवे होते, ते अखेर न्यायासनावरून ऐकावे लागले.

या गोठलेल्या कायद्यातून पळवाट म्हणून ‘लायसन्स’ जन्माला आले. मालकाने ‘हा भाडेकरू नव्हे, परवानाधारक’ असे कागदावर लिहावे आणि कायदा बाजूला ठेवावा. १९७३ मध्ये विधिमंडळाने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू ठरवून ही पळवाट एकदा बंद केली. १९८७ मध्ये मात्र तीच वाट अधिकृत करण्यात आली आणि मुदत संपलेल्या परवानाधारकाला काढण्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमण्यात आला. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या कायद्याने ती व्यवस्था कायम केली, प्रमाण भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली, आणि सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम, बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या तसेच १ कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. हे वगळणे उचित होते. भांडवलदाराला भाडेकरू म्हणून संरक्षण देण्यात समाजवाद नाही.

आज परिस्थिती अशी आहे की, नव्याने घर घेणाऱ्या बहुसंख्य पुणेकरांच्या हाती अकरा महिन्यांचा परवाना असतो. अकराव्या महिन्याच्या अखेरीस मालकाने ‘पुढे नाही’ म्हटले, की कारण विचारण्याचा अधिकार त्याला नाही. मुलाची शाळा, बायकोचे काम, यार्डात पहाटे पोहोचण्याचे अंतर, यांपैकी काहीही कायद्याच्या दृष्टीने कारण होत नाही. म्हणजे ‘कायदा भाडेकरूचा आहे’ ही समजूत जुन्या वाड्यांच्या आठवणीवर जगत आहे. नव्या इमारतींत कायदा मालकाचा आहे, आणि तरीही बुडव्या भाडेकरूविरुद्ध तो मालकाच्या कामी येत नाही. प्रामाणिक भाडेकरू आणि प्रामाणिक मालक या दोघांनाही निरुपयोगी असा कायदा निर्माण करण्यास एक प्रकारची प्रतिभाच लागत असावी.

हमालाची गोष्ट याहून वेगळी. यार्डाला लागून असलेल्या आंबेडकरनगरसारख्या वस्तीत किंवा अप्पर इंदिरानगरच्या बाजूला जो खोली घेऊन राहतो, त्याच्यापाशी बहुधा करारच नसतो. कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल. फार चांगली तरतूद. पण तिचा आधार घ्यायला न्यायालयात जावे लागते, आणि रोज पाठीवर पोती वाहणारा माणूस एक दिवस न्यायालयात गेला तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली याच यार्डात हमालाच्या श्रमाला दर, नोंद आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्या श्रमाला मंडळाची चौकट दिली. त्याच्या घराला अशी चौकट अद्याप मिळालेली नाही.

आता मालकांच्या मागणीकडे वळावे. पंजाबात २००१ मध्ये तेथील शहरी भाडे कायद्यात कलम १३-ब घालण्यात आले. अनिवासी भारतीय मालकाला, तो पाच वर्षे मालक असल्यास, आयुष्यात एकदा, एका इमारतीचा तातडीने ताबा मागण्याचा खास हक्क त्याने दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बलदेवसिंग बाजवा खटल्यात त्याचा अर्थ लावताना मालकाची गरज खरी आहे असे गृहीत धरून चालावे, ती खोटी असल्याचे भाडेकरूने दाखवून द्यावे, अशी भूमिका घेतली. ताबा घेतल्यावर पाच वर्षे ते घर विकता वा भाड्याने देता येत नाही, एवढे बंधन कायद्यात आहे. महाराष्ट्रातही असाच कायदा व्हावा, असा सूर परदेशस्थ मालकांकडून निघू शकतो. त्याला विरोध करायला हवा, आणि तो विरोध मत्सरापोटी नव्हे, तर समतेच्या तत्त्वावर करायला हवा. पुण्यात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने पुंजी घालून घेतलेल्या एका खोलीचे भाडे थकले, तर तिने रांगेत उभे राहायचे आणि न्यू जर्सीतील मालकाने रांग मोडून पुढे जायचे, हे कोणत्या न्यायात बसते? देश सोडणे ही न्यायालयात अग्रक्रम मिळण्याची पात्रता होऊ शकत नाही. दुसरे असे की, कलम १३-ब हे मुळात थकबाकीवरचे औषधच नाही. नियमित भाडे देणाऱ्यालाही ते बाहेर काढते.

गंमत अशी की, ज्या देशांत हे मालक राहतात तेथील कायदा त्यांनी आपल्या देशबांधवांना समजावून सांगितला तरी पुष्कळ काम होईल. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्या राज्यात १९७४ पासून असा कायदा आहे की, सबळ कारण असल्याखेरीज भाडेकरूला काढता येत नाही. कराराची मुदत संपली हे तेवढ्याने सबळ कारण होत नाही. मालक स्वतः राहत असलेली दोन-तीन बिऱ्हाडांची लहान घरे यातून वगळली आहेत. भाडे न देणे हे मात्र सबळ कारणांच्या यादीतील अगदी पहिले. त्यासाठी संक्षिप्त दावा चालतो, आणि भाडेकरूने थकीत रक्कम भरली तर दावा तेथेच संपतो. इंग्लंडातही २०२५ मध्ये पार्लमेंटने कारण न देता भाडेकरू काढण्याचा जुना मार्ग बंद करणारा कायदा संमत केला. थकबाकीसाठी ताबा मागण्याची मुभा त्यातही आहेच. भांडवलशाहीच्या या माहेरघरांना जे उमगले ते असे, की मालकाची लहर आणि भाडेकरूची थकबाकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लहरीविरुद्ध भाडेकरूला भक्कम संरक्षण हवे आणि थकबाकीविरुद्ध मालकाला त्वरित दाद हवी. महाराष्ट्राने नेमके उलटे करून ठेवले आहे. येथे लहरीला अकरा महिन्यांनी मोकळे रान आहे आणि थकबाकीला न्यायालयाची दिरंगाई हा आश्रय आहे.

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित, भाडे न्यायालयाने ६० दिवसांत निकाल द्यावा, मुदतीनंतर राहणाऱ्याने पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे द्यावे, अशा त्यातील तरतुदी आहेत. अनामतीवरील मर्यादा स्वागतार्ह आहे. परंतु भाडे ठरवणे सर्वस्वी उभयतांच्या करारावर सोडलेले आहे, आणि मुदत संपल्यावर भाडेकरूच्या हाती काहीच उरत नाही. ज्याला घराची निकड आहे आणि ज्याला ते कुलूप लावून ठेवणे परवडते, त्यांच्यातील कराराला ‘स्वेच्छेचा’ म्हणणे हा अर्थशास्त्रातील सर्वांत जुना विनोद आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने हेही नोंदवले की, शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. मालक म्हणतात, भाडेकरू बुडवेल या भीतीने घरे रिकामी राहतात. त्यात तथ्य आहे. पण निम्मेच. घर हे राहण्यासाठी नसून किंमत वाढण्याची वाट पाहण्यासाठी घेतले, की भाडे ही त्यातील दुय्यम मिळकत ठरते. मग रिकामे ठेवूनही तोटा होत नाही. शेतजमीन विकत घेण्यास १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनी अनिवासी भारतीयाला मनाई आहे, सदनिका मात्र कितीही घेता येतात. तेव्हा त्वरित न्यायाची मागणी करणाऱ्या मालकाने वर्षानुवर्षे कुलूपबंद राहणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या घरावर जादा मालमत्ताकर देण्याची तयारी ठेवावी, हे म्हणणे गैरवाजवी ठरू नये.

आणि थकबाकी ही केवळ भाडेकरूच करतो असेही नव्हे. घर सोडल्यावर रंगाचे, नळाचे, भिंतीच्या ओरखड्याचे निमित्त काढून मालक अनामत अडकवून ठेवतो. ती देखील थकबाकीच आहे. मालक परदेशात असेल, तर हे पैसे मागायचे तरी कोणाकडे? मुखत्यार म्हणतो, मला अधिकार नाही. मालक म्हणतो, मुखत्याराशी बोला. अनिवासी मालकाला भाडे देताना स्रोतातच आयकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारीसुद्धा कायद्याने भाडेकरूवरच टाकली आहे. सक्षम प्राधिकाऱ्याच्या दाराला मूठ मात्र एकाच बाजूने आहे. तेथे मालक ताबा मागू शकतो, भाडेकरूला अनामत मागता येत नाही.

वादाचा निवाडा जागच्या जागी कसा करावा, याचे एक उदाहरण मार्केट यार्डाजवळच आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याने मालाची प्रत, वजन आणि पैसे यांवरील तंटे बाजार समितीच्याच पातळीवर सोडवण्याची सोय केली. शेतकरी दूरच्या गावाहून एका रात्रीसाठी आलेला असतो, तो दिवाणी न्यायालयाच्या तारखांसाठी पुण्यात मुक्काम करू शकत नाही, हे त्या वेळच्या विधिमंडळाला कळले होते. त्या यंत्रणेचा कारभार किती चोख चालतो हा वेगळा विषय; मात्र तत्त्व बरोबर होते. दूर असलेल्याला आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला, दोघांनाही जवळचा आणि झटपट निवाडा लागतो.

घरभाड्याच्या बाबतीत पक्षाने हेच मागावे. प्रत्येक प्रभागाच्या टप्प्यात एक भाडे न्यायपीठ असावे, थकबाकी आणि अनामत या दोहोंचे अर्ज त्याने घ्यावेत, परदेशातील मालकाची साक्ष दूरदृश्य यंत्रणेने नोंदवावी आणि हमालाची सायंकाळी यार्डाचे काम संपल्यावर. थकबाकी व्याजासह भरल्यास भाडेकरू राहील. न भरल्यास ठरलेल्या दिवशी जाईल. नियमित भाडे देणाऱ्याला मात्र मुदत संपली एवढ्याच कारणाने काढता येणार नाही, मालकाला स्वतः राहायचे असल्यास त्याने तसे सिद्ध करावे. मालक परदेशी असो वा शेजारच्या मुकुंदनगरात राहणारा, नियम एकच. यासाठी न्यायाधीश नेमावे लागतील आणि त्यांचे पगार द्यावे लागतील. भाडेकरारांच्या नोंदणीतून राज्याला मुद्रांक शुल्क मिळते, त्यातील काही वाटा या कामी लावण्याचा ठराव येत्या अधिवेशनापूर्वी शहर शाखेने करावा आणि त्यावरील पहिली सभा यार्डातील हमाल भवनात घ्यावी. त्या सभेला परिसरातील सोसायट्यांच्या चिटणीसांनाही बोलवावे. परदेशस्थ सभासदांची थकलेली बिले आणि त्यांच्या भाडेकरूंची रोजची गाऱ्हाणी, दोन्ही त्यांच्याच वहीत असतात.